सत्य एकच असतं, की ज्याचं त्याचं वेगळं?

सात_रस्ता (धागाकर्ता) · सोमवार, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. तत्त्वज्ञानाचं शिक्षण नाही, सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेली. तरी एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

हल्ली कुठलाही वाद रंगात आला की कुणीतरी शहाणा म्हणतो, "जाऊ दे, तुझं सत्य तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी." वाद तिथंच मिटतो आणि म्हणणारा उदार ठरतो. परवा आमच्या घरी हेच झालं. विषय चार हुतात्म्यांचा होता. बाहेरगावच्या सभासदांसाठी थोडक्यात: मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, शहरात मार्शल लॉ लागला. त्या खुनांबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. कोर्ट म्हणतं गुन्हा सिद्ध झाला. सोलापूर म्हणतं चौघांना गोवलं. पिढ्यान्‌पिढ्या म्हणतं, चौकाला नाव देऊन म्हणतं.

भाचा म्हणाला, "मामा, कोर्टाचं एक सत्य, शहराचं एक सत्य. दोन्ही सत्यच." मला हे पचत नाही. त्या चौघांनी ते खून केले किंवा केले नाहीत. तिसरं काय असणार? माझं मत असं की सत्य एकच. आपल्याला ते कळलं नसेल, कधी कळणारही नसेल, पण ते एकच. तुमचं काय?

कडक_भाकरी · सोमवार, रात्री १०:११

रुमाल टाकून ठेवतो. शंभरी नक्की.

शेंगाचटणी · सोमवार, रात्री १०:१९

काय बे काका, रात्री दहाला असले धागे काढलालाव? झोप उडाली की. सोलापुरात सत्य अनेकच. आमच्या बोळात पाणी किती दिवसांनी येतं ते विचारून बघा, दर घरात वेगळं उत्तर मिळतंय.

नैयायिक · सोमवार, रात्री ११:०२

धागाकर्त्यांशी सहमत, आणि त्याला जुना आधारही आहे. न्यायदर्शन म्हणजे तर्कावर भर देणारं आपलं जुनं तत्त्वज्ञान, नैयायिक म्हणजे ते मानणारे. त्याची भूमिका सरळ आहे. वस्तू जशी आहे तसंच तिचं ज्ञान होणं म्हणजे यथार्थ ज्ञान, बाकी सगळा भ्रम. अंधारात दोरी बघून घाबरलेल्या माणसाची भीती खरी असते, घामही खरा असतो, पण म्हणून तिथं 'त्याच्यापुरता साप' तयार होत नाही.

भाच्याचा घोळ दोन प्रश्न एकात मिसळल्यामुळे झालाय. एक प्रश्न असा की विधान कशामुळे खरं ठरतं. दुसरा असा की ते खरं आहे हे आपल्याला कळतं कसं. दुसऱ्या प्रश्नावर आपल्याकडे शेकडो वर्षं भांडणं झाली. मीमांसक, म्हणजे वेदांचा अर्थ लावणारे, म्हणतात, ज्ञान मुळातच प्रमाण असतं, खोडून निघेपर्यंत ते मानायचं. नैयायिक म्हणतात, तसं नाही, बाहेरून पडताळा हवा: लांबून पाणी दिसलं, जवळ गेलात, तहान भागली, मग ते ज्ञान खरं. पण यातल्या कुणीही 'मीमांसकांचं पाणी वेगळं आणि नैयायिकांचं वेगळं' असं म्हटलेलं नाही. कोर्ट आणि शहर यांच्या पडताळण्याच्या रीती वेगळ्या आहेत. घटना एकच आहे.

ग्रीसमध्ये प्रोटागोरस म्हणायचा की माणूसच सगळ्याचं मोजमाप आहे, ज्याला जसं वाटतं तसं त्याच्यापुरतं खरं. प्लेटोनं त्याला त्याच्याच जाळ्यात धरला: 'प्रोटागोरस चुकतोय' असं बहुतेकांना वाटतं, मग तेही खरंच धरावं लागेल ना?

होटगी_रोड · सोमवार, रात्री ११:१५

आयला, प्लेटो एका ओळीत प्रकरण मिटवून मोकळा. पण काका, प्रोटागोरस "त्यांच्यापुरतं खरं" असं म्हणू शकतोच की. 'माझ्यापुरता मी चुकत नाही.' मग?

नैयायिक · सोमवार, रात्री ११:२१

म्हणू शकतो. पण मग तो कुणाला काही शिकवू शकत नाही, आणि तो तर पैसे घेऊन शिकवायचा.

चंद्रभागा · मंगळवार, सकाळी ६:४०

पंढरपूरकर हजर. असल्या धाग्यावर कुणीतरी हत्ती आणि आंधळे आणणारच आहे, त्याआधी आमच्या गावची गोष्ट सांगते.

नरहरी सोनार कट्टर शैव. पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड बघायचे नाहीत. एका सावकारानं विठोबासाठी करगोटा, म्हणजे कमरेचा दागिना, करायला सांगितला. माप आणून दिलं, त्यावरून नरहरींनी करगोटा घडवला, तर तो बसेना. दुरुस्त केला, तरी बसेना. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला देवळात गेले. हात लावला तर व्याघ्रचर्म, गळ्यात साप, मस्तकावर जटा. शंकरच! घाईनं पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पट्टी बांधली, पुन्हा शंकर. शेवटी उलगडलं की हा आणि तो वेगळे नाहीत.

कीर्तनात ही गोष्ट 'सत्य एक, नावं अनेक' म्हणून सांगतात. "एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति" ही ऋग्वेदातली ओळ बहुतेक वेळा त्याच्या मागोमाग येते. पण मला यातला करगोटा आवडतो. नरहरींच्या मनात शंकर होता की विठ्ठल, याच्याशी कमरेच्या घेराला काही देणंघेणं नाही. माप चुकलं की दागिना परत येतो.

कडक_भाकरी · मंगळवार, सकाळी ७:०३

चंद्रभागाताई, दंडवत. करगोट्याकडे आजवर कुणी लक्षच दिलं नव्हतं.

काळा_कोट · मंगळवार, सकाळी १०:३०

कोर्टाच्या पायरीवर बसून लिहितोय, साक्षीदार अजून आलेला नाही.

सामान्य माणसाला वाटतं की कोर्ट सत्य शोधतं. कोर्ट 'शाबीत' काय झालं ते सांगतं. पुरावा कायदा १८७२ चा होता, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण 'शाबीत' याची कल्पना तीच राहिली: समोर आलेल्यावरून एखादी गोष्ट आहे असं न्यायाधीशाला वाटलं, किंवा शहाणा माणूस ती आहे असं धरून वागेल इतकी ती संभवनीय वाटली, तर ती शाबीत. फौजदारीत पुरावा वाजवी संशयापलीकडे लागतो. दिवाणीत ज्याची बाजू जास्त संभवनीय त्याच्याकडे पारडं झुकतं. म्हणून एकाच अपघातात ड्रायव्हर फौजदारी खटल्यात सुटतो आणि भरपाईच्या दाव्यात त्याच्यावरच जबाबदारी येते. अशिलाला हे समजावताना घसा कोरडा पडतो. "साहेब, मग चूक माझी हाय का न्हाय?" याला माझ्याकडे उत्तर नसतं.

तेव्हा भाच्याच्या बाजूनं थोडं: निदान 'शाबीत' तरी अनेक असतात.

नैयायिक · मंगळवार, सकाळी ११:४८

वकीलसाहेब, तुमच्या अशिलाचा प्रश्नच माझा मुद्दा आहे. दोन्ही निकाल हातात असूनही तो तिसरी गोष्ट विचारतोय. ती तिसरी गोष्ट म्हणजे सत्य.

अनेकान्त · मंगळवार, दुपारी १:१५

हत्ती आणल्याशिवाय राहवत नाही, पण जरा वेगळ्या बाजूनं आणतो.

ती गोष्ट बौद्धांच्या उदान या ग्रंथातही आहे. श्रावस्तीचा राजा जन्मांधांना एकत्र करतो, एकेकाला हत्तीचा एकेक अवयव दाखवतो आणि त्यांची मारामारी बघून हसतो. 'सत्य अनेक' म्हणणारे लोक ही गोष्ट सांगतात आणि राजाला विसरतात. त्याला अख्खा हत्ती दिसतोय! तो नसता तर गोष्टच सांगता आली नसती.

आमच्या जैन दर्शनावर 'तुमचं सगळंच खरं, सगळंच खोटं' हा आरोप नेहमीचा. अनेकान्तवाद असं म्हणतच नाही. वस्तू एकच, तिला अनंत अंगं. आपण बोलतो ते एका अंगानं, त्याला नय म्हणतात. आपल्या नयाबरोबर इतरांनाही जागा ठेवली तर तो सुनय, 'एवढंच खरं' म्हणून बाकीचे नाकारले तर दुर्नय. सगळी अंगं एकदम जाणणारं केवलज्ञानही जैन मानतात, म्हणजे राजा आमच्याकडेही आहे.

आणि स्याद्वाद, ही आमची विधान करायची रीत, म्हणजे संशय नव्हे. प्रत्येक विधानाला ते कोणत्या अपेक्षेनं, म्हणजे कोणत्या दृष्टीनं, केलंय ते जोडा, एवढीच मागणी. घडा 'आहे' म्हणायचं तर चार गोष्टी सांगा: कोणतं द्रव्य, कोणतं क्षेत्र, कोणता काळ, कोणता भाव. मातीचा घडा, इथं, आत्ता, या रूपात आहे. सोन्याचा म्हणून, तिथं, काल, फुटलेल्या रूपात नाही. 'आहे' आणि 'नाही' दोन्ही ठाम, दोन्ही खरी. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात आक्षेप घेतला की एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म संभवत नाहीत. उत्तर असं की एकाच अपेक्षेनं ते आहेत असं आम्ही म्हणतच नाही.

अवांतर: हे सगळं वाचायला फार लांब जायला नको. जीवराज जैन ग्रंथमाला आपल्या सोलापूरचीच. 'तिलोयपण्णत्ती'चा पहिला भाग १९४३ साली इथूनच निघाला, आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनात. चादरीच्या गावाला या कामाबद्दल कुणी ओळखत नाही.

शेंगाचटणी · मंगळवार, दुपारी १:३०

चादरीच्या गावाला चटणीबद्दल ओळखतात की ओ! आता सांगा, शेंगाचटणी उखळातली खरी का मिक्सरमधली? यात अनेकान्त चालत नाही. उखळातली. विषय संपला.

प्रवासी_पक्षी · मंगळवार, दुपारी १:४४

पुण्यात राहून मिक्सरवर करते. तेल सुटेपर्यंत फिरवली की होते चांगली.

शेंगाचटणी · मंगळवार, दुपारी १:४६

फिरवलं की गरम होतं आणि कूट होतं. कुटलं की तेल सुटतं आणि चटणी होते. ताई, तुम्ही कूट खाताय.

कडक_भाकरी · मंगळवार, दुपारी १:५०

भाकरी म्हणून माझं मत विचारात घ्यावं. दोन्ही चालतात.

संपादक · मंगळवार, दुपारी २:१०

चटणीसाठी पाककृती विभाग आहे. इथं सत्य शोधा.

विसावं_पान · मंगळवार, दुपारी ४:२५

संपादकांचा मान राखून म्हणतो की चटणी विषयाला धरूनच आहे.

'उखळातली चटणी चविष्ट असते', 'खोटी साक्ष देणं वाईट', 'चौकी मे १९३० मध्ये जळाली', 'दोन अधिक दोन चार'. ही चारही वाक्यं आपण 'खरी' म्हणतो. पण चौथं खरं ठरवायला कुणी बाहेर जाऊन काही बघत नाही, आणि पहिलं खरं ठरवायला जीभ लागते. मग चारही ठिकाणी खरेपणा एकाच गोष्टीत असेल का? आधुनिक तत्त्वज्ञानात क्रिस्पिन राइट, मायकेल लिंच यांनी मांडलं की क्षेत्रागणिक खरेपणा वेगळ्या गोष्टींतून बनतो. घटनांच्या बाबतीत जगाशी जुळण्यातून, काही ठिकाणी आपल्या समजुती एकमेकींशी सुसंगत असण्यातून. याला सत्यबहुत्ववाद म्हणू. यात एकाच घटनेची दोन सत्यं नाहीत, सत्य असण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. 'ज्याचं त्याचं सत्य'शी याची गल्लत करू नये.

यावर एक आक्षेप मात्र मला अजून सुटलेला नाही. पाहा:
खोटी साक्ष देणं अन्याय आहे.
अमुकानं खोटी साक्ष दिली.
म्हणून अमुकानं अन्याय केला.

पहिलं वाक्य नैतिक, त्याचा खरेपणा एका तऱ्हेचा. दुसरं घटनेचं, त्याची तऱ्हा दुसरी. अनुमान तर बिनचूक आहे. मग वरच्या दोन वाक्यांतून निष्कर्षात कोणता खरेपणा उतरला? दोन्हींना सामाईक असा एक खरेपणा मानावा लागतो. तो मानला तर वेगळ्या तऱ्हांची गरज काय? लिंच म्हणतो की सत्य एक काम आहे आणि ते काम करणारे गुण वेगळे. मला हे अर्धंच पटतं.

सात_रस्ता · मंगळवार, सायंकाळी ५:३२

विसावं_पान, उदाहरण बरोबर वर्मी लागलं. चार हुतात्म्यांच्या खटल्याबद्दल सोलापूरचं म्हणणं हेच तर आहे.

६८_लिंगं · मंगळवार, सायंकाळी ७:१०

इतिहासाच्या बाजूनं एक अडचण. तुम्ही म्हणताय की घटना एकच. आपल्या सोलापूरच्या ग्रामदैवताचं, सिद्धेश्वरांचंच बघा; सिद्धराम म्हणजे तेच. राघवांकाच्या कन्नड चरित्रकाव्यातला सिद्धराम म्हणजे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा भक्त, तळं खोदणारा, देवळं उभारणारा कर्मयोगी. शून्यसंपादनेत, म्हणजे शरणांच्या (बसवेश्वरांच्या काळच्या संतांच्या) वचनसंवादांच्या कन्नड ग्रंथात, अल्लमप्रभू हा शरण सोन्नलिगेला, म्हणजे जुन्या सोलापूरला, येतो, 'तळी खोदत काय बसलायस' म्हणून त्याला डिवचतो, वाद होतो आणि सिद्धराम कल्याणला शरणांच्या मेळ्यात जातो. आणि त्या शून्यसंपादनेच्याच चार वेगवेगळ्या रचना आहेत, वेगवेगळ्या संकलकांच्या. वर आपल्या गड्ड्याच्या जत्रेतला सिद्धेश्वर: योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, संमती कट्ट्यावर अक्षता, सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेली माणसं.

बाराव्या शतकातला तो माणूस एकच होता, मान्य. पण तो आज कुणाच्याच हाती नाही. हाती आहेत त्या या कथा. 'सत्य एकच, पण कळणार नाही' म्हणणं म्हणजे कुलपाला किल्ली नाही आणि तिजोरी भरलेली आहे असं सांगणं. मग त्या एका सत्याचा उपयोग काय?

नैयायिक · मंगळवार, रात्री ८:०५

उपयोग हा की त्यामुळे काही कथा बाद करता येतात. उद्या कुणी म्हणालं की सिद्धराम अठराव्या शतकात होऊन गेला, तर तुम्ही 'हीसुद्धा एक कथा' म्हणाल का? नाही म्हणणार. शिलालेख काढाल, भाषेचं वय काढाल. कुणाचं तरी खोटं ठरवता येतं तोवर सत्य कामावर आहे.

६८_लिंगं · मंगळवार, रात्री ८:२०

अठरावं शतक बाद होईल. अल्लम खरंच आला होता का, ते बाद होत नाही आणि पक्कंही होत नाही. बहुतेक इतिहास या मधल्या पट्ट्यात आहे हो.

रंगमास्तर · मंगळवार, रात्री ९:४५

मी टॉवेलच्या डाइंगमध्ये काम करतो. शास्त्रं वाचलेली नाहीत. पण 'खरा रंग कोणता' यावर रोज भांडतो म्हणून लिहितो.

दोन टॉवेल घ्या. एका पाकानं (रंगाच्या मिश्रणानं) रंगवलेला एक, दुसऱ्या पाकानं रंगवलेला दुसरा. खात्यातल्या ट्यूबखाली एकसारखे दिसतात, उन्हात नेले की एक तांबूस आणि एक हिरवट. नवीन पोरगा म्हणतो, "मास्तर, आत तर पास होता." खरंच पास होता. बाहेर नापास, तेही खरं. कारण असं की रंगातली रसायनं वेगवेगळी आहेत, ती उजेडातला वेगवेगळा भाग परत फेकतात, आणि एका विशिष्ट उजेडात आपल्या डोळ्याला ती बेरीज सारखी लागते. आम्ही याला मेटामेरिझम म्हणतो.

यावर तोडगा म्हणून लाइट बॉक्स असतो. डी-६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल-८४ म्हणजे दुकानातली ट्यूब. ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, शेड डी-६५ मध्ये बघायची. मग मशीन डेल्टा-ई काढतं, म्हणजे नमुन्यापासून माल किती लांब गेला त्याचा आकडा. मर्यादेत असेल तर पास. उजेड लिहिला नसेल तर खरेदीदार आणि आम्ही वर्षभर भांडू. लिहिला की भांडण पाच मिनिटांत संपतं.

अनेकान्त भाऊंनी चार गोष्टी सांगितल्या ना, द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव, ते वाचून हसू आलं. आमच्या ऑर्डरशीटवर जवळपास तेच रकाने असतात. माझ्या बुद्धीप्रमाणं, लोक ज्याला अनेक सत्यं म्हणतात त्यातली निम्मी उजेड न लिहिलेली ऑर्डर असते.

अनेकान्त · मंगळवार, रात्री ९:५८

रंगमास्तर, शास्त्रीबुवा व्हायचे राहून गेलात.

भूमिती_छळते · मंगळवार, रात्री १०:३०

+१ मास्तरांना. गणितातही असंच झालं. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश हे दोन हजार वर्षं निर्विवाद सत्य होतं. १८२९ मध्ये लोबाचेव्हस्कीनं समांतर रेषांचं गृहीतक बदलून दाखवलं, बेरीज १८० हून कमी होते आणि कुठंही विसंगती येत नाही. गोलावर उलटं घडतं: उत्तर ध्रुवावरून ९० अंशांच्या अंतरानं दोन रेखावृत्तं विषुववृत्तापर्यंत आणा, तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. वर्गात हे सांगितलं की पोरं म्हणतात, "सर, मग परीक्षेत काय लिहायचं?"

परीक्षेत १८० लिहायचं, कारण प्रश्नात 'सपाट पृष्ठावर' हे न लिहिता धरलेलं असतं.

होटगी_रोड · मंगळवार, रात्री ११:०४

आता सांगूनच टाकतो. धागाकर्ते माझे मामा. तो भाचा मी.

मामा, मी "दोन्ही सत्यच" असं म्हणालोच नव्हतो. मी म्हणालो की दोन्ही नोंदी आहेत आणि दोन्ही वाचल्या पाहिजेत. कोर्टाची कागदपत्रं म्हणजे फक्त निकाल नव्हे. त्यात साक्षी आहेत, उलटतपासणी आहे, कोण काय बोललं ते आहे. शहराच्या आठवणीत ते चौघं आहेत, पण त्यांच्या विरोधात साक्ष देणारे आपल्याच शहरातले होते की नव्हते, यावर आपण कधी बोलत नाही. दोन्ही नोंदींत काहीतरी गाळलेलं आहे, असं माझं म्हणणं होतं.

सात_रस्ता · मंगळवार, रात्री ११:१०

"सत्य" म्हणालास बे तू. मी समोरच बसलो होतो.

काळा_कोट · मंगळवार, रात्री ११:१२

साक्षीदार?

होटगी_रोड · मंगळवार, रात्री ११:१३

मामी होत्या. पण त्या माहेरच्या बाजूनं बोलतात.

सात_रस्ता · मंगळवार, रात्री ११:१५

मामी म्हणतेय की दोघंही एकदम बोलत होतात, तिला मालिका ऐकू येत नव्हती. एवढंच तिला सांगायचंय.

पूर्वभाग_अक्का · बुधवार, सकाळी ९:२०

रात्रीत सगळं वाचून काढलं. मराठी माझी घरची भाषा नाही, घरी तेलुगू बोलतो. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आई विड्या वळायची. हजार वळून टोपलीत नेल्या की मोजणारा माणूस त्यातून छाट काढायचा. ही ढिली, हिचं पान फाटकं, हिला तंबाखू कमी. छाटेचे पैसे नाहीत, पण छाट विड्या परतही नाहीत. आई म्हणायची, चांगल्या होत्या. तो म्हणायचा, खराब होत्या. आता इथं कुणी म्हणालं असतं की आईचं सत्य आईपाशी, त्याचं त्याच्यापाशी, तर पैसे कुणाचे गेले असते? आईचे. दर वेळी.

म्हणून मला 'सत्य अनेक' ऐकलं की भीती वाटते. ज्याच्या हातात मोजणी आहे त्याला ते परवडतं. आईला एकच सत्य हवं होतं: विडी उघडून दाखव, ढिली आहे का बघू.

विसावं_पान · बुधवार, सकाळी १०:०२

अक्का, फार मोलाचं लिहिलंत. महात्मा फुल्यांनी १८७३ साली समाज काढला त्याचं नाव सत्यशोधक ठेवलं, यामागंही हेच असावं. 'तुमचा धर्म तुमच्यापाशी' म्हणून त्यांना थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत, कारण ज्यांच्या पोथ्या त्यांच्याच हाती हिशेब होता.

उलट बाजूही मांडतो. त्या खोलीत 'एकच सत्य' होतंच, मोजणाऱ्याचं. सत्य एकच म्हणणाऱ्यांच्या हाती सत्ता आली की ते एक सत्य बहुतेक वेळा त्यांचंच निघतं. 'दुसरी बाजूही आहे' हे वाक्य म्हणायची सोय अनेकत्वाच्या कल्पनेनंच दिली ना?

पूर्वभाग_अक्का · बुधवार, सकाळी १०:२५

आईनं दुसरी बाजू सांगितलीच होती की. 'दुसरी बाजू' म्हणून नाही, 'हे खोटं आहे' म्हणून. तिला त्याच्या शेजारी बसून आपलं वेगळं सत्य मांडायचं नव्हतं. त्याचं खोडायचं होतं.

चंद्रभागा · बुधवार, सकाळी १०:४०

तुकोबांनी बहुमत मोजलंच नाही. "सत्य असत्याशी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥" अक्कांच्या आईंना साक्षीला दुसरं कुणी नव्हतं, तिथं हेच उरतं.

६८_लिंगं · बुधवार, सकाळी ११:१५

ताई, ओळ सुंदर आहे, पण मोजणाऱ्याचं मनही त्याला ग्वाही देतच असणार. मन ग्वाही आहे म्हणणारे दोघं समोरासमोर आले की पुढं काय?

शेंगाचटणी · बुधवार, सकाळी ११:२०

पुढं काय, धागा दोनशेवर जातो.

नैयायिक · बुधवार, दुपारी १२:३०

६८_लिंगं, म्हणूनच मन पुरत नाही, पडताळा लागतो. अक्कांनी तोच सांगितलाय: विडी उघडून दाखव.

हुतात्म्यांच्या खटल्याबद्दल मी इतकंच म्हणेन की तिथं रंगमास्तरांचा तोडगा चालत नाही. 'कोर्टाच्या उजेडात दोषी, शहराच्या उजेडात निर्दोष' असं लिहून भांडण मिटत नाही, कारण प्रश्न रंगाचा नाही. हाताचा आहे. कुणाच्या हातानं झालं. त्याला अपेक्षा जोडून दोन उत्तरं होत नाहीत.

अनेकान्त · बुधवार, दुपारी १:०५

अगदी. स्याद्वादही तिथं दोन उत्तरं देत नाही. तेच द्रव्य, तेच क्षेत्र, तोच काळ, तोच भाव धरला तर 'आहे' आणि 'नाही' यातलं एकच. जिथं अपेक्षा वेगळ्या तिथं त्या लिहा, जिथं एकच आहे तिथं पळवाट शोधू नका.

होटगी_रोड · बुधवार, दुपारी १:४०

हे मला मान्य आहे. माझं म्हणणं नोंदींबद्दलच होतं. (मामा, वाचताय ना?)

पूर्वभाग_अक्का · बुधवार, दुपारी २:१५

एक विचारू? अनेकान्त भाऊ म्हणतात अपेक्षा लिहा. रंगमास्तर म्हणतात उजेड लिहा. लिहितं कोण? 'ढिली' म्हणजे किती ढिली, हे आईला कधी कुणी विचारलं नव्हतं.

रंगमास्तर · बुधवार, रात्री ९:१०

अक्का, आमच्याकडे उजेड खरेदीदार लिहितो. मर्यादाही तोच लिहितो. परदेशातल्या एकानं आकडा इतका कमी ठेवला होता की डोळ्याला फरक दिसत नव्हता तरी माल नापास व्हायचा. आकडा खरा होता. तो आकडा आम्हाला विचारून ठरला नव्हता. भाव ठरताना त्या नापास मालाचं काय होतं हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

पूर्वभाग_अक्का · बुधवार, रात्री ९:२४

म्हणजे विडी उघडून दाखवली तरी भांडण उरलंच असतं. मोजायच्या जागी आमचं एक माणूस बसायला हवं होतं.

काळा_कोट · बुधवार, रात्री ९:५०

पंचनाम्याला पंच बोलावतात ते याच विचारानं, अक्का. फक्त ते पंच बोलावतो कोण, एवढं विचारू नका. उद्या माझी त्यावरच उलटतपासणी आहे.